पान उलटा: चर्चच्या कायद्याच्या मध्ययुगीन पोथ्यांमधली चित्रं कशी बघावीत

दोन पायांवर उभे असलेले ससे एका शिकारी कुत्र्याला फासावर चढवताहेत, असं चित्र फोनवर कधी ना कधी तुमच्यापर्यंत आलं असेल. खाली एखादी गमतीची ओळ असते, आपण हसतो आणि पुढे जातो. चित्र खरं आहे. ते १४व्या शतकातलं आहे आणि एका जाडजूड कायद्याच्या ग्रंथाच्या पानावर, मजकुराच्या खाली काढलेलं आहे. फोनवर कळत नाही ते एवढंच, की ही गोष्ट आधीच्या पानांवर सुरू झालेली आहे. ससे आधी शिकाऱ्याला पकडतात, त्याच्यावर रीतसर खटला चालवतात, शिक्षा देतात आणि मग कुत्र्याकडे वळतात. एकच पान हाती आलं की त्याची गंमत उरते, गोष्ट हरवते.

ज्यांना ती गोष्ट बघायची आहे, पण ग्रंथ कुठे उघडायचा आणि त्यात कुठे बघायचं हे माहीत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. लॅटिन येत नसलं तरी चालेल. ख्रिस्ती धर्मशास्त्राची ओळख नसली तरी अडत नाही. पानं उलटायची सवड मात्र हवी.

पहिली पायरी: हातात कोणता ग्रंथ आहे ते ओळखा

चर्चच्या कायद्याच्या सचित्र हस्तलिखितांमध्ये दोन ग्रंथ पुन्हा पुन्हा भेटतात. पहिला ग्रेशियनचा ‘डेक्रेटम’. हा साधारण ११४० च्या सुमारास इटलीतल्या बोलोन्या शहरात तयार झाला. हजार वर्षांत पोपांनी, धर्मपरिषदांनी आणि संतांनी दिलेले निर्णय एकमेकांशी जुळत नव्हते. एक म्हणतो चालेल, दुसरा म्हणतो महापाप. ग्रेशियनने ते सगळे समोरासमोर मांडले आणि त्यांचा मेळ घालायचा प्रयत्न केला. दुसरा ग्रंथ म्हणजे पोप ग्रेगरी नववा याने १२३४ मध्ये जाहीर केलेली ‘डेक्रेटल्स’, म्हणजे पोपांच्या निर्णयपत्रांचा अधिकृत संग्रह. पेन्याफोर्तचा रेमंड या डॉमिनिकन पंथाच्या विद्वानाने तो संकलित केला आणि पोपने तो विद्यापीठांकडे पाठवून दिला. पुढे १२९८ मध्ये बोनिफेस आठव्याने आणि १३१७ मध्ये जॉन बाविसाव्याने त्यात भर घातली. त्या पुरवण्यांचीही सचित्र हस्तलिखितं आहेत, पण सुरुवातीला या दोनच ग्रंथांकडे लक्ष द्या.

हा कायदा आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. या ग्रंथांचा मिळून बनलेला संग्रह १९१७ ची नवी संहिता येईपर्यंत कॅथलिक चर्चच्या कायद्याचा पाया होता. गोव्यात १५३४ मध्ये धर्मप्रांत स्थापन झाला, तिथली पहिली प्रांतिक धर्मपरिषद १५६७ मध्ये भरली, आणि गोव्यापासून वसईपर्यंतच्या कॅथलिक कुटुंबांची लग्नं याच कायद्याच्या चौकटीत लागत आली. आपल्या भागातल्या चर्चच्या जुन्या नोंदी चाळणाऱ्यांना हे ग्रंथ म्हणूनच परके वाटणार नाहीत.

पानावरून ग्रंथ ओळखायची सोपी खूण म्हणजे वरच्या समासातला मथळा. तो बहुतेक वेळा लाल-निळ्या शाईत असतो. तिथे ‘सी’ हे अक्षर आणि पुढे रोमन आकडा दिसला, आणि पानं उलटताना तो आकडा ३६ पर्यंत गेला, तर तो ‘डेक्रेटम’चा दुसरा भाग. डाव्या पानावर ‘एल’ आणि उजव्या पानावर १ ते ५ मधला आकडा असेल तर बहुधा ‘डेक्रेटल्स’. त्याची पाच पुस्तकं आहेत: न्यायाधीश, न्यायप्रक्रिया, धर्मगुरू, विवाह आणि गुन्हे. विद्यार्थी हा क्रम एका लॅटिन ओळीत पाठ करत: युडेक्स, युडिसियुम, क्लेरुस, कोनुबिया, क्रिमेन. तुम्हीही ही ओळ वहीत उतरवून घ्या. पुढे प्रत्येक पुस्तकाच्या आरंभीचं चित्र बघताना ती उपयोगी पडते.

दुसरी पायरी: पानाची रचना समजून घ्या

पहिल्यांदा बघणाऱ्याला हे पान फार गच्च वाटतं. मधोमध मोठ्या अक्षरात दोन स्तंभ, आणि त्यांच्या चारही बाजूंनी बारीक अक्षरांचा वेढा. आपल्याकडच्या पंचपाठी पोथ्या पाहिल्या असतील तर हे लगेच ओळखीचं होईल: मध्ये मूळ, वर-खाली आणि दोन्ही बाजूंना टीका. इथेही तसंच आहे. मध्ये कायद्याचं मूळ वचन आणि भोवती त्यावरचं प्रमाण मानलेलं भाष्य. ‘डेक्रेटल्स’वरचं भाष्य पार्माच्या बर्नार्डचं, ‘डेक्रेटम’वरचं योहानेस ट्युटोनिकसचं, पुढे ब्रेशियाच्या बार्थोलोम्यूने सुधारलेलं. विद्यार्थी आणि वकील दोन्ही सोबत वाचत. त्यामुळे लेखनिकाला प्रत्येक पानावर आधी हिशोब करावा लागे, की मूळ किती ओळी घ्यायचं म्हणजे त्याचं भाष्य त्याच पानावर मावेल.

भाष्य प्रत्येक पानावर सारखं नसतं. कुठे ते तळापर्यंत उतरतं, कुठे अर्ध्यातच संपतं, आणि खाली चर्मपत्राची कोरी पट्टी राहते. चित्रकाराला हीच जागा मिळते. म्हणून पान उघडल्यावर आधी तीन जागा तपासा: मजकुराच्या स्तंभात बसवलेलं चौकटीतलं चित्र, मोठ्या आद्याक्षराच्या पोटात काढलेलं चित्र, आणि समासातलं, विशेषतः तळातलं चित्र. पहिल्या दोन जागांमधलं चित्र सहसा मजकुराशी बांधलेलं असतं. तिसरं मोकळं असतं. नवखे वाचक समासातल्या विचित्र प्राण्याचा अर्थ शेजारच्या कलमात शोधत बसतात आणि चौकटीतलं चित्र मात्र नुसती सजावट समजून सोडून देतात. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की निम्मं काम झालं.

रंगांकडेही बघा, पण त्यात अडकू नका. लाल म्हणजे अनेकदा शेंदूर. भारी प्रतींमधला गडद निळा म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला लाजवर्द. सोन्याचा वर्ख जिथे आहे तिथे मालकाने पैसे मोजले आहेत.

तिसरी पायरी: खटल्यांची चित्रं

माझ्या मते सुरुवात इथून करावी, सशांपासून नव्हे. ‘डेक्रेटम’च्या दुसऱ्या भागात ३६ काल्पनिक खटले आहेत. ग्रेशियन आधी एक गुंतागुंतीची घटना सांगतो, मग तिच्यातून प्रश्न काढतो आणि मग प्रत्येक प्रश्नावर परस्परविरोधी वचनं मांडतो. बोलोन्या, पॅरिस अशा शहरांत तयार झालेल्या श्रीमंत प्रतींमध्ये प्रत्येक खटल्याच्या आरंभी ती घटना चित्रात दिसते. कायद्याच्या विद्यार्थ्याला खटला आठवावा आणि जाडजूड ग्रंथात तो पटकन सापडावा, यासाठी ही चित्रं फार सोयीची होती.

पहिला खटला घ्या. एक बाप आपल्या लहान मुलाला श्रीमंत मठात द्यायला नेतो. मठाधिपती आणि तिथले बंधू दहा पौंड मागतात. बाप देतो. मुलाला वयामुळे यातलं काही कळत नाही. पुढे तो मोठा होतो, धर्मगुरू होतो, बिशपही होतो. मग प्रश्न असा की पैशाने विकत घेतलेल्या प्रवेशावर उभं राहिलेलं त्याचं सगळं पद वैध कसं? चित्रात एका बाजूला बाप, मध्ये छोटं मूल, समोर मठाधिपती, आणि कुणाच्या तरी हातात पैशाची पिशवी. आधी पिशवी कुठे आहे ते बघा. ती अजून बापाच्या हातात आहे, की देवघेव चालू आहे, की मठाधिपतीने ती घेतली आहे? मुलाचं तोंड कुणाकडे आहे? चित्रकाराने खटल्यातला नेमका कोणता क्षण उचलला हे यावरून समजतं, आणि दोन प्रती शेजारी ठेवल्या तर दोन चित्रकारांचा कल वेगळा दिसतो. मला या चित्रात नेहमी ते मूल धरून ठेवतं. सगळा व्यवहार त्याच्या डोक्यावरून चाललेला असतो, आणि ग्रेशियननेही त्याचं अजाणतेपण मुद्दाम नोंदवलेलं आहे.

२९वा खटला. एका कुलीन बाईला निरोप येतो की अमुक सरदाराच्या मुलाला तुझ्याशी लग्न करायचं आहे. ती हो म्हणते. प्रत्यक्षात त्याचं नाव सांगून दुसराच माणूस येतो, तोही कुळाने दास, आणि लग्न लावून घेतो. नंतर खरा वर येऊन उभा राहतो. हे लग्न झालं की नाही झालं? माणूस बदलला तर संमती टिकते का? आणि माणूस तोच, पण त्याची सामाजिक स्थिती खोटी सांगितली असेल तर? इथे चित्रकाराची परीक्षा असते, कारण एकाच चौकटीत दोन पुरुष दाखवायचे आणि खोटा कोण ते कळलंही पाहिजे. कपडे, टोपी, घोडा, हातातली वस्तू यांवर नजर ठेवा; वेश आणि दर्जा सांगण्याची भाषा त्यांच्यात असते.

३४वा खटला मला सगळ्यांत हलवणारा वाटतो. नवरा युद्धात कैद होऊन परमुलखात जातो. तो मेल्याची बातमी येते. बायको दुसरं लग्न करते. मग पहिला नवरा परत येतो. इथे कुणीही लबाडी केलेली नाही, तरी तिघेही अडकले आहेत. ही एक घटना सांगायला चित्रकाराला किती माणसं लागतात ते मोजा, आणि एकच व्यक्ती एका चौकटीत दोनदा काढली आहे का ते तपासा. मध्ययुगीन चित्रात हे सर्रास चालतं. डावीकडे कैद होऊन जाणारा आणि उजवीकडे दारात उभा असलेला माणूस एकच असू शकतो. नव्या वाचकाचा इथेच गोंधळ होतो.

पलंगावरचं जोडपं बघून गोंधळू नका. तो बहुधा ३३वा खटला असतो. जादूटोण्यामुळे नवऱ्याला शरीरसंबंध ठेवता येत नाही, त्या काळात बायकोचे दुसऱ्याशी संबंध येतात, पुढे ती त्याच्याशी उघड लग्न करते, आणि मग पहिला नवरा बरा होऊन तिला परत मागतो. नवऱ्याच्या अक्षमतेवर हा ग्रंथ मोकळेपणाने बोलतो, कारण लग्न कशाने पूर्ण होतं हा त्याच्यासाठी गंभीर प्रश्न होता. १४व्या खटल्यात एका चर्चचे धर्मगुरू नफा मिळावा म्हणून व्यापाऱ्यांकडे पैसे गुंतवतात. तिथे नाणी आणि व्यापारी दिसतील. ३६व्यात मुलीच्या बापाला नकळत एक तरुण तिला भेटी देऊन जेवायला बोलावतो आणि जेवणानंतर तिच्यावर हात टाकतो. तिथे मेजवानीचं टेबल दिसेल.

करायचं ते इतकंच: खटल्याचा आकडा बघा, त्या खटल्याची गोष्ट चार ओळींत वाचा, मग चित्रात प्रत्येक माणसाला नाव द्या. नाव देता येत नाही असा कुणी उरला तर त्याच्याकडे पुन्हा बघा. तो साक्षीदार असेल, न्यायाधीश असेल किंवा चित्रकाराने भर घातलेला असेल.

‘डेक्रेटल्स’मधली आरंभचित्रं याहून सरळ असतात. पहिल्या पुस्तकाला सिंहासनावरचा पोप आणि समोर ग्रंथ घेऊन आलेले विद्वान, दुसऱ्याला न्यायसभा, तिसऱ्याला वेदीपाशी धर्मगुरू आणि वेदीपासून दूर ठेवलेले सामान्य लोक, चौथ्याला वधूवरांचे हात जुळवणारा पाद्री, पाचव्याला बिशपपुढे आणलेला आरोपी. दोन-तीन प्रती पाहिल्या की ती ओळखू येतात.

चौथी पायरी: नात्यांचं झाड

ग्रंथ उलटताना मध्येच एक अख्खं पान येतं: मुकुट घातलेला, दाढीवाला भव्य पुरुष उभा आहे आणि त्याच्या अंगावर गोल किंवा चौकोनी घरांची एक मोठी आकृती आहे. फोनवर हे चित्र कधीकधी गूढ तांत्रिक आकृती म्हणून फिरतं. प्रत्यक्षात हे नातेसंबंधांचं झाड आहे आणि त्याचा उपयोग एकच: हे दोघे लग्न करू शकतात का ते ठरवणं. ‘डेक्रेटम’मध्ये ते ३५व्या खटल्याजवळ आणि ‘डेक्रेटल्स’मध्ये विवाहाच्या चौथ्या पुस्तकात शोधा.

ते वाचायची रीत अशी. मधलं घर म्हणजे ज्याच्यापासून मोजायचं ती व्यक्ती. ते कधी रिकामं असतं, कधी तिथे चेहरा असतो. वर आई-बाप, आजी-आजोबा, पणजोबा. खाली मुलं, नातवंडं. दोन्ही बाजूंना भावंडं आणि त्यांची शाखा. मराठी वाचकाला इथे एक मोठी सोय आहे. लॅटिनमध्ये बापाचा भाऊ, बापाची बहीण, आईचा भाऊ, आईची बहीण यांना चार वेगळे शब्द आहेत आणि झाडात ते वेगवेगळे लिहिलेले असतात. आपण काका, आत्या, मामा, मावशी म्हणतच लहानाचे मोठे झालो, त्यामुळे ही घरं आपल्याला भरभर भरता येतात.

आता अंश मोजा. सख्खी भावंडं पहिल्या अंशात. त्यांची मुलं, म्हणजे चुलत, आते, मामे, मावस भावंडं, एकमेकांना दुसऱ्या अंशात. त्यांची मुलं तिसऱ्या आणि त्यांचीही मुलं चौथ्या. पूर्वी सातव्या अंशापर्यंत लग्न निषिद्ध होतं. इतक्या लांबचं नातं कुणाच्या लक्षात राहत नसे, आणि लग्न मोडायचं असलं की कुठलंतरी दूरचं नातं उकरून काढता येई. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ही मर्यादा चारवर आणली. कारण दिलं ते त्या काळच्या वैद्यकाला धरून: शरीरात चार रस आहेत, ते चार महाभूतांपासून बनले आहेत, म्हणून चार. १२१५ नंतर काढलेली झाडं म्हणून आटोपशीर दिसतात. जुनं, रुंद झाड आणि नवं झाड शेजारी ठेवलं तर कायदा बदलल्याचं नुसत्या आकृतीवरून कळतं. बोलोन्याच्या जोव्हान्नी द’आंद्रेआने तर या झाडांवर स्वतंत्र छोटा ग्रंथ लिहिला. तो १३४८ च्या प्लेगमध्ये गेला.

झाडाच्या जोडीला अनेकदा दुसरं पान असतं. त्यात एक पुरुष आणि एक स्त्री उभे असतात आणि मध्ये आकृती. हे सोयरिकीचं झाड, म्हणजे लग्नामुळे जुळलेल्या नात्यांचं. बायको वारल्यावर तिच्या कोणत्या नातेवाईक बाईशी लग्न चालेल आणि कोणाशी नाही, हे त्यावर बघत. ही दोन पानं एकदा घरातल्या कुणालातरी शेजारी बसवून वाचा. आपल्याच कुटुंबातली माणसं त्या घरांमध्ये बसवून बघितली की आकृती डोक्यात पक्की होते.

पाचवी पायरी: आता स्मिथफील्डची पोथी उघडा

इतकं झालं की सशांकडे वळा. ज्या ग्रंथात ते आहेत त्याला ‘स्मिथफील्ड डेक्रेटल्स’ म्हणतात. तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. क्रमांक रॉयल १० ई ४. यातला १० साध्या अंकात आणि शेवटचा ४ रोमन आकड्यात लिहितात, शोधताना ते लक्षात ठेवा. ग्रंथ जवळजवळ ४५ सेंटीमीटर उंच आहे, आणि पानं तीनशेहून जास्त. मजकूर १३०० च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये, बहुधा तुलूझला, लिहिला गेला. पुढे ग्रंथ इंग्लंडला आला आणि १३४० च्या सुमारास लंडनमधल्या चित्रकारांनी त्याच्या तळसमासांत सहाशेहून अधिक दृश्यं काढली. पुढे तो लंडनच्याच स्मिथफील्ड भागातल्या सेंट बार्थोलोम्यू मठात होता, त्यावरून हे नाव.

लेखन आणि चित्रं यांच्यामधलं हे अंतर फार महत्त्वाचं आहे. लिहिणाऱ्याला चित्रं ठाऊक नव्हती. चित्रकारापुढे तयार ग्रंथ आणि तळातल्या मोकळ्या पट्ट्या होत्या. त्याने त्या पट्ट्या एकापुढे एक जोडून गोष्टी सांगितल्या. एका पानावर एक प्रसंग, पान उलटलं की पुढचा. या ग्रंथात एकटं पान बघणं म्हणूनच अपुरं ठरतं.

साठाव्या पानाच्या थोडं आधीपासून सुरू करा. इथे पान म्हणजे चर्मपत्राचं एक पत्र. त्याची पुढची आणि मागची बाजू वेगळी मोजतात. ससे शिकाऱ्याला बांधतात. त्याला सशांच्या न्यायासनापुढे उभं करतात. शिरच्छेद होतो. मग कुत्र्याची पाळी: त्याला पकडतात, बांधतात, त्याचाही खटला होतो, त्याला गाडीतून वधस्तंभाकडे नेतात आणि फाशी देतात. प्रत्येक टप्पा वेगळ्या दृश्यात आहे. नुसता सूड दाखवायचा असता तर एक दृश्य पुरलं असतं. चित्रकाराने अटक, सुनावणी, मिरवणूक आणि शिक्षा हा सगळा क्रम दाखवला आहे, आणि वर न्यायप्रक्रियेचा ग्रंथ आहे. हे ठरवून केलेलं आहे का, याचा कागदोपत्री पुरावा मिळणार नाही, पण मला ही जोडी अर्थपूर्ण वाटते. स्मिथफील्ड हे त्या काळी गुरांच्या बाजाराचं आणि जाहीर देहदंडाचं ठिकाण होतं. स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसला १३०५ मध्ये तिथेच मारण्यात आलं. गाडीतून नेला जाणारा कैदी हे दृश्य लंडनच्या माणसाला माहीत होतं.

सशांवर थांबू नका. त्याच ग्रंथात बिशपचा मुकुट घालून हातात दंड धरलेला कोल्हा पक्ष्यांच्या मेळाव्यापुढे उभा आहे. प्रवचन ऐकणाऱ्यांतला एखादा त्याच्या पोटात जाणार हे तेव्हाच्या वाचकाला कोल्ह्याच्या गोष्टींमधून ठाऊक होतं. केसाळ रानमाणूस एका स्त्रीला पळवतो आणि एक वृद्ध सरदार तिला सोडवतो, अशी एक मालिका आहे. गाय ऑफ वॉरिक, बेव्हिस ऑफ हॅम्प्टन या इंग्रज वीरांचे प्रसंग आहेत. संतांच्या आणि मरियेच्या चमत्कारांच्या कथा आहेत. एका ठिकाणी एक मठवासी आणि एक बाई, दोघांचे पाय खोड्यात अडकवलेले आहेत.

माझी सर्वांत आवडती मालिका तपस्व्याची. ११४व्या पानाजवळ तो दारूच्या गुत्त्यापाशी बसून पितोय. दारावर लांब काठी बाहेर काढलेली आहे, ती ताजी दारू तयार असल्याची त्या काळची खूण. पुढे दारूच्या अमलाखाली तो गिरणीवाल्याच्या बायकोशी व्यभिचार करतो आणि गिरणीवाल्याचा खून करतो. मग पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त. ही एक जुनी बोधकथा आहे: तीन पापांतलं एक निवड असं म्हटल्यावर त्याने सर्वांत हलकं वाटणारं, पिणं, निवडलं आणि बाकीची दोन्ही त्याच्या मागोमाग आली. गुत्त्याचं चित्र इंग्लंडमधल्या दारूच्या इतिहासावर बोलताना हमखास वापरलं जातं, आणि तिथे तो माणूस फक्त गिऱ्हाईक होऊन जातो. तीन-चार पानं पुढे गेलं की त्याच माणसाच्या हातून खून झालेला दिसतो.

सहावी पायरी: अर्थ लावताना सावकाश

समासात गोगलगायीशी लढणारा शूर सरदार तुम्हाला या आणि इतर अनेक ग्रंथांत भेटेल. १९६२ मध्ये लिलियन रँडल या अभ्यासिकेने मांडलं की ही गोगलगाय म्हणजे भित्रे आणि सावकारी करणारे म्हणून बदनाम झालेले लोम्बार्ड, म्हणजे उत्तर इटलीतले लोक. काहींना ते पटलं, काहींना नाही. एकच प्रतिमा तीस वर्षांनी, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या चित्रकाराच्या हातात वेगळं काही सांगू शकते. मी हे तीन प्रश्न या क्रमाने विचारतो: ही एकटी आकृती आहे की मालिका? तीच आकृती त्याच ग्रंथात आणखी कुठे आहे? वरच्या मजकुराचा विषय काय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा ‘काही संबंध दिसत नाही’ असंच येतं, आणि ते तसंच लिहून ठेवावं.

ही चित्रं चोरून काढलेली होती, चर्चला कळली नाहीत, ही कल्पना सोडून द्या. अशा ग्रंथावर सोनं आणि महागडे रंग मालकाच्या पैशाने चढत. कोल्ह्याचा बिशप बघणारे लोक चर्चचेच होते. ढोंगी प्रवचनकाराची थट्टा करणं आणि चर्चवर श्रद्धा असणं यात त्यांना विरोध वाटत नव्हता.

सातवी पायरी: कुठे आणि कसं बघायचं

ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला आणि हस्तलिखितांचं संकेतस्थळ बराच काळ बंद राहिलं. चित्रं टप्प्याटप्प्याने परत येत गेली आहेत. तिथे पान मिळालं नाही तर विकिमीडिया कॉमन्सवर स्मिथफील्ड डेक्रेटल्सची छायाचित्रं बघा. ‘डेक्रेटम’साठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका, व्हॅटिकनचं डिजिव्हॅटलिब आणि स्वित्झर्लंडचं ई-कोडिसेस ही तीन ठिकाणं उत्तम आहेत आणि पैसे लागत नाहीत. शोधताना लॅटिन नावं टाका: डेक्रेटम ग्रॅशियानी, डेक्रेटालेस, आर्बोर कॉन्सँग्विनिटॅटिस. फोनपेक्षा लॅपटॉप बरा, कारण दोन पानं समोरासमोर उघडी दिसायला हवीत.

एक नियम कडकपणे पाळा. चित्राबरोबर ग्रंथालयाचं नाव, हस्तलिखिताचा क्रमांक, पत्राचा आकडा आणि बाजू या चार गोष्टी नसतील तर ते पुढे पाठवू नका. मध्ययुगीन वळणाची नवी चित्रं आता यंत्राकडून सहज काढून मिळतात आणि त्यांत सशांची भरपूर आहेत. खऱ्या पानावर शाई फिकट झालेली असते, आखणीच्या रेघा दिसतात, चर्मपत्राच्या पलीकडची अक्षरं उमटलेली असतात. कधी एखाद्या वाचकाने समासात बोट दाखवणारा छोटा हात काढून ठेवलेला असतो. पण नुसत्या नजरेवर विसंबू नका, क्रमांक शोधून मूळ पान उघडाच.

वहीत प्रत्येक चित्रासाठी चार ओळी पुरतात: पत्र आणि बाजू, पानावरची जागा, काय दिसतं, आणि आधीच्या व नंतरच्या पानावर काय आहे. शेवटची ओळ कधीही गाळू नका.

स्मिथफील्डची पोथी हाताळून झाली की ‘टेमथ अवर्स’ हे प्रार्थनापुस्तक उघडा. तेही ब्रिटिश लायब्ररीत आहे, त्याच काळातलं आहे, आणि त्याच्याही तळसमासांत रानमाणूस आणि वृद्ध सरदाराची तीच गोष्ट येते, गाय आणि बेव्हिसही येतात. एक कायद्याचा ग्रंथ, दुसरं प्रार्थनेचं पुस्तक, आणि खाली तेच सरदार. दोन्हींतली रानमाणसाची मालिका शेजारी लावा आणि बघा, कोणता प्रसंग कुणी गाळला, कुणी वाढवला, आणि त्या स्त्रीला कोणत्या चित्रकाराने जास्त जागा दिली.